ती पांढरी खोली अजून श्वास का रोखायला लावते? १९९६च्या ‘मिशन: इम्पॉसिबल’विषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गृहस्थांनी ‘मिशन: इम्पॉसिबल’चा पहिला, १९९६ सालचा चित्रपट परवा आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीबरोबर पुन्हा पाहिला. कॉलेजात असताना त्यांनी तो थिएटरात पाहिला होता, आणि आजही तो त्यांना तितकाच आवडला. मुलगी मात्र सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं चुळबुळत होती, ‘कोण कोणाला मारतंय?’ असं दोनदा विचारून तिने फोन हातात घेतला. पुढे लँग्लीच्या त्या पांढऱ्या खोलीचा प्रसंग सुरू झाला तसा तिने फोन पालथा ठेवला तो शेवटपर्यंत उचलला नाही. त्यांचा प्रश्न: हा चित्रपट खरोखर टिकलाय, की मी त्यात माझं तरुणपण बघतोय? आणि मुलीला तो पुन्हा दाखवू का?

मी गेली सत्तावीस वर्षं चित्रपट-संकलन करते. मराठी चित्रपट, काही मालिका, बरेच माहितीपट. गेली काही वर्षं संकलन शिकवतेही, आणि शिकवताना हा चित्रपट मी मागेपुढे करून, आवाज बंद करून, नुसता आवाज ऐकून, इतक्यांदा पाहिलाय की त्यातले काही कट मला झोपेतही सांगता येतील. तेव्हा उत्तर जरा लांबणार आहे. आणि रहस्यही फुटणार आहे, त्यामुळे ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून या.

तुमच्या मूळ शंकेचं उत्तर मुलीने दिलेलंच आहे. तिला १९९६ आठवायचं काही कारण नाही. तिच्या लेखी टॉम क्रूझ हा वयस्क नट आहे. तिने फोन पालथा ठेवला तो आठवणींपोटी नाही. म्हणजे खरा प्रश्न वेगळाच आहे: त्याच दिग्दर्शकाच्या, त्याच संकलकाच्या एकाच चित्रपटात एका प्रसंगाने तिला धरून ठेवलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं, हे कसं? याचं उत्तर सापडलं की चित्रपट टिकतो म्हणजे काय हेही हाती लागतं.

आधी एक सांगते, कारण यावर खूप काही अवलंबून आहे. तुम्ही तो कसा पाहिलात? मूळ इंग्रजी आवाजात की डब केलेला? डबिंग करताना संवाद बदलतात तसं बऱ्याचदा सगळं मिक्सिंगही नव्याने होतं, आणि कपड्याची सळसळ, श्वास, दोरीची कुरकुर असले बारीक आवाज त्यात बळी पडतात. हा चित्रपट नेमका त्याच आवाजांवर उभा आहे. दुसरं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा एक पर्याय असतो आणि नव्या टीव्हीत तो बहुधा चालूच असतो. तो बंद करा. त्याने सेकंदाला चोवीस फ्रेमचा चित्रपट दूरदर्शनवरच्या नाटकासारखा दिसू लागतो आणि प्रकाशयोजनेचा जीव जातो. तिसरं, हा रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला आहे. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत. चॅनेलवर बाजू कापून पूर्ण टीव्ही भरलेली प्रत पाहिली असेल, तर चौकटीच्या कडेला मुद्दाम उभी केलेली माणसंच गायब झालेली असतात. यातलं काही चुकलं असेल तर मुलीच्या कंटाळ्याला चित्रपट पूर्ण जबाबदार नाही.

आता त्या खोलीकडे येते.

नायक इथन हंटला (टॉम क्रूझ) लँग्लीच्या सीआयए मुख्यालयातल्या एका बंद खोलीतून गुप्तहेरांच्या खऱ्या नावांची यादी चोरायची आहे. कामाला लागण्याआधी रेल्वेच्या डब्यात बसून तो आपल्या नव्या साथीदारांना ती खोली समजावून सांगतो आणि त्याच्या आवाजाखाली आपल्याला खोली दिसत राहते. आत जायला आवाजाची ओळख, सहा आकडी संकेतांक, डोळ्याची तपासणी, दोन चाव्या. आणि खोलीतला एकमेव कर्मचारी बाहेर पडला की तीन पहारेकरी जागे होतात. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज झाला तर घंटा. अंगाच्या उष्णतेने खोलीचं तापमान वाढलं तर घंटा. जमिनीवर जरासं वजन पडलं तर घंटा.

इतकंच. दोनेक मिनिटांत आपल्या हातात नियमावली येते, आणि पुढचा सगळा प्रसंग म्हणजे त्या तीन नियमांची एकेक करून घेतलेली परीक्षा आहे. आवाजाच्या नियमावर हवेच्या नळीत उंदीर सोडला जातो. तिथे दोरी धरून बसलेला क्रीगर गडबडतो, दोरी निसटते आणि इथन जमिनीपासून वीतभर अंतरावर येऊन लोंबकळतो. तापमानाचा नियम पडद्यावरच्या आकड्यात दिसत राहतो, तो हळूहळू चढतो. आणि जमिनीच्या नियमाला हत्ती लागत नाही, चष्म्याच्या काचेवरून घरंगळणारा घामाचा एक थेंब पुरतो. तुमच्या मुलीने फोन पालथा ठेवला तो या थेंबाच्या आधीच ठेवला असणार, कारण थेंब पडला तर काय होईल हे तिला कुणी त्या क्षणी सांगत नाही. तिला ते आधीपासून माहीत आहे.

लक्षात घ्या, या सगळ्यात संगीत नाही. डॅनी एल्फमनसारखा संगीतकार हाताशी असून इथे दिग्दर्शक ब्रायन डी पाल्मा यांनी वाद्यांना तोंड उघडू दिलेलं नाही. ही युक्ती त्यांनी शोधलेली नाही. ज्यूल्स दासँ यांनी १९५५च्या ‘रिफिफी’मध्ये जवळजवळ अर्ध्या तासाची चोरी संवादाशिवाय आणि संगीताशिवाय दाखवली, आणि १९६४च्या ‘तोपकापी’मध्ये इस्तंबूलच्या राजवाड्यात छतावरून दोरीला लटकून रत्नजडित खंजीर चोरला. डी पाल्मा यांना दोन्ही उघडच पाठ आहेत. त्यांनी त्यात भर घातली ती या नियमांच्या काटेकोरपणाची, आणि रंगाची. खोली लखलखीत पांढरी, माणूस काळ्या कपड्यात. कोऱ्या कागदावर शाईचा एक ठिपका ठेवावा तसा तो दिसतो, आणि प्रेक्षकाची नजर दुसरीकडे जाऊच शकत नाही. कर्मचारी मध्येच परत येतो तेव्हा वर लटकलेला इथन आणि खाली वावरणारा तो कर्मचारी एकाच चौकटीत असतात. इथे कट मारायचा मोह कुठल्याही संकलकाला झाला असता: आधी वरचा चेहरा, मग खालचा चेहरा, मग पुन्हा वरचा. पॉल हर्ष यांनी तसं केलेलं नाही. (हे तेच, ज्यांना ‘स्टार वॉर्स’च्या संकलनासाठी इतर दोघांबरोबर ऑस्कर मिळालं होतं.) दोघांना एकत्र पाहू दिलं की दोघांमधलं अंतर प्रेक्षक स्वतः मोजतो, आणि ते मोजण्यातच भीती आहे.

शारीरिक सत्याचाही भाग आहे. दोरीवर आडवं झाल्यावर तोल जाऊन क्रूझचं तोंड पुन्हापुन्हा जमिनीवर आपटत होतं, शेवटी त्यांनी बुटात नाणी घालून पायाकडे वजन वाढवलं, असं त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. पडद्यावर ती नाणी दिसत नाहीत, पण पोटाचे स्नायू ताणून हात पसरलेल्या माणसाचं थरथरणं दिसतं. शरीराला होणारा त्रास कॅमेऱ्याला कळतो, या विधानावर माझा ठाम विश्वास आहे. तीस वर्षांनी संगणकीय करामत जुनी दिसते. थरथरणारा हात जुना दिसत नाही.

इथे माझा एक अनुभव सांगते, कारण ‘शांतता ठेवली की ताण येतो’ असा सोपा अर्थ बरेच विद्यार्थी काढतात आणि एके काळी मीही काढला होता. काही वर्षांपूर्वी एका मराठी चित्रपटात एक पोरगा रात्री तहसील कचेरीत शिरून जमिनीच्या कागदांची फाइल चोरतो असा प्रसंग होता. निर्मात्यांना तिथे ढोल-ताशाइतकं पार्श्वसंगीत हवं होतं. मी भांडून ते काढायला लावलं. नुसती पावलं, नुसता श्वास. मला ते टेबलावर अप्रतिम वाटत होतं. पहिल्या खासगी खेळाला पंचवीसेक माणसं बसवली, आणि तो प्रसंग सुरू होताच लोक खोकू लागले. एकाने मोबाइलच्या उजेडात घड्याळ पाहिलं. शांततेत त्यांना ऐकण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते एकमेकांना ऐकत होते.

दोन रात्री मी तो प्रसंग पुढे-मागे करत बसले. कट चुकलेले नव्हते. चुकलं होतं ते चाळीस मिनिटं आधी. त्या कचेरीत आवाज झाला तर काय होतं, हे आम्ही प्रेक्षकाला कधी सांगितलंच नव्हतं. दिग्दर्शकाने अर्धा दिवस मागून घेतला आणि आम्ही फक्त दोन शॉट नवे घेतले: दुपारी पोरगा कचेरीत अर्ज द्यायला येतो तेव्हा शिपाई लोखंडी कपाट उघडतो, ते करकरतं, आणि बाहेर बाकावर पेंगणारा पहारेकरी त्या आवाजाने दचकून जागा होतो. एवढंच, तेही एका विनोदी प्रसंगाच्या ओघात. रात्रीच्या चोरीतली एकही फ्रेम बदलली नाही. पुढच्या खेळाला पोराने कपाटाला हात लावला आणि माझ्या शेजारच्या बाईंनी पदराने तोंड दाबलं.

शांतता ही खात्यातून केलेली उचल आहे. आधी प्रेक्षकाच्या खात्यात काही जमा केलेलं असलं तरच ती वापरता येते. लँग्लीच्या प्रसंगात ती रक्कम रेल्वेच्या डब्यात जमा झालेली आहे.

मग प्रागमधल्या सुरुवातीचं काय? तुमच्या मुलीला सुरुवात कळली नाही, याबद्दल तिला दोष देऊ नका. ती न कळण्यासाठीच रचलेली आहे. चित्रपटाच्या अगदी पहिल्या प्रसंगात, किव्हमध्ये, एका खोलीत चौकशी चालू असते. काम झालं की त्या खोलीच्या भिंतीच बाजूला सरकतात आणि ती एका गोदामात उभारलेली खोटी खोली होती हे कळतं. डी पाल्मा यांनी पहिल्या काही मिनिटांतच हात जोडून सांगितलंय की मी दाखवीन ते खरं मानू नका. आपण ऐकत नाही. मग प्रागच्या वकिलातीतली मोहीम सुरू होते, आणि तासाभरातही नाही, अर्ध्या तासाच्या आसपास, जवळजवळ सगळी टोळी मारली जाते. एमिलियो एस्तेवेझ, क्रिस्टिन स्कॉट थॉमस अशी नावाजलेली माणसं इतक्या लवकर जातात की १९९६च्या प्रेक्षकाला तो धक्काच होता. हे आपले नेहमीचे साथीदार, ते अखेरपर्यंत राहणार, असं तो धरून बसलेला असे. तुमच्या मुलीला ही अपेक्षाच नव्हती, कारण तिच्या लेखी हा क्रूझचाच चित्रपट आहे. इतर मरणारच. म्हणजे सुरुवातीचा हा धक्का मात्र काळाबरोबर झिजला, हे मान्य करायला हवं.

पण त्या सुरुवातीत एक गोष्ट झिजलेली नाही. म्होरक्या जिम फेल्प्सला गोळी लागते ती इथन प्रत्यक्ष पाहत नाही. चष्म्यातल्या कॅमेऱ्यातून मनगटावरच्या चिमुकल्या पडद्यावर आलेलं चित्र तो पाहतो: हात, रक्त, पूल. आपणही तेवढंच पाहतो आणि ते खरं मानतो. आज एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीला हे जास्त चांगलं कळायला हवं, कारण तिचं अर्धं जग असल्याच पडद्यातून येतं. तिला एवढंच विचारा: जिम मेला हे तुला कोणी सांगितलं?

आता ज्यासाठी मी हा चित्रपट वर्गात दाखवते तो प्रसंग. पांढरी खोली प्रसिद्ध आहे, पण संकलनाचा खरा ऐवज लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर आहे. मेलेला मानलेला जिम तिथे इथनसमोर येऊन उभा राहतो. दोघे बसतात. जिम सांगतो की घरभेदी किट्रिज आहे, सीआयएचा तो अधिकारी. आणि इथन त्याच्या सुरात सूर मिसळून मोठ्याने प्रागची रात्र पुन्हा रचू लागतो: किट्रिजने हे केलं असेल, मग किट्रिजने ते केलं असेल. पण त्याच वेळी पडद्यावर जी चित्रं येतात त्यांत किट्रिज नाहीच. त्यांत जिम आहे. जिम स्वतःच्या हातांना खोटं रक्त लावतोय. जिम साथीदाराला मारतोय. तोंड खोटं बोलतंय आणि चित्र खरं. चित्रपटाचा सगळा व्यवहार इथे उलटा होतो. प्रागमध्ये चित्राने आपल्याला फसवलं होतं, लंडनमध्ये शब्द फसवतात आणि तेही आपल्याला नाही, जिमला.

याहून सुंदर एक बारकावा आहे. प्रागच्या रात्री झालेला गाडीतला स्फोट कोणी घडवला, हे आठवताना इथनच्या मनात आधी जिमची बायको क्लेअर येते आणि तसं चित्र आपल्याला दिसतं. मग त्याला ते मान्य होत नाही आणि तोच प्रसंग पुन्हा, जिमसह, दिसतो. माणूस मनात खोडरबर घेऊन बसलाय आणि एक चित्र खोडून दुसरं काढतोय. त्याला क्लेअरविषयी काय वाटतं, हे सबंध चित्रपटात याहून स्पष्ट कुठेच सांगितलेलं नाही. एकही शब्द न बोलता, फक्त एक शॉट बदलून ते सांगितलंय. मी विद्यार्थ्यांना म्हणते, संवादलेखकाने एक पान लिहिलं असतं, ते संकलकाने सहा-सात सेकंदांत उरकलंय.

आणि त्याच आठवणींत एक सुरा दिसतो. आठवतं का, पांढऱ्या खोलीत क्रीगरच्या हातून एक सुरा निसटतो आणि टेबलात रुततो? पहिल्यांदा पाहताना ती फक्त भीतीची आणखी एक युक्ती वाटते. प्रागमध्ये ज्या सुऱ्याने खून झाले तो तसलाच होता. म्हणजे आपल्याला घाबरवण्यासाठी खाली टाकलेली वस्तू पुरावाही होती. तसंच बायबलचं. इथन ज्या बायबलमधून ‘जॉब’ या घरभेद्याच्या सांकेतिक नावाचा माग काढतो, त्यावर शिकागोच्या ड्रेक हॉटेलचा शिक्का असतो आणि जिम तिथे उतरला होता हे सुरुवातीच्या गप्पांत सहज येऊन गेलेलं असतं. ते दोन्ही तुमच्यासमोर ठेवलेलं होतं. दुसऱ्यांदा पाहताना चित्रपट जास्त आवडतो तो या अशा गोष्टींमुळे, आणि तुम्हाला वाटणारा आनंद केवळ जुन्या दिवसांचा नाही असं मी म्हणते ते याच आधारावर.

आतापर्यंत जे म्हटलं ते एका ओळीत असं: ज्या प्रसंगांत प्रेक्षकाला काम दिलेलं आहे, नियम लक्षात ठेवायचं, अंतर मोजायचं, शब्द आणि चित्र ताडून पाहायचं, ते प्रसंग टिकले. जिथे त्याला फक्त थक्क व्हायचं होतं, ते कमी टिकले.

शेवटची आगगाडी त्या दुसऱ्या वर्गात मोडते, आणि इथे माझं मत बऱ्याच चाहत्यांना पटत नाही. इंग्लिश खाडीखालचा बोगदा मे १९९४मध्ये सुरू झाला होता. चित्रपट आला तेव्हा ती दोन वर्षांची नवलाई होती. त्यात वेगवान आगगाडीच्या टपावर मारामारी आणि मागे हेलिकॉप्टर, म्हणजे त्या उन्हाळ्यातलं सगळ्यात मोठं आकर्षण. आज ती दृश्यं पाहताना मला निळ्या पडद्याच्या कडा जाणवतात. शिवाय चित्रपटातला बोगदा दोन रुळांचा, ऐसपैस आहे. खऱ्या बोगद्यात प्रत्येक दिशेच्या रुळासाठी वेगळी नळी आहे, तिचा व्यास सुमारे साडेसात मीटर, आणि गाडीच्या डोक्यावर विजेची तार. लहान हेलिकॉप्टरच्या पात्यांचा घेरही साधारण दहा मीटर असतो. पण मला खटकतं ते हे नाही. साडेसात मीटरच्या नळीत दहा मीटरचं हेलिकॉप्टर मी आनंदाने चालवून घेईन, जर कुणी मला आधी सांगितलं की इथे काय केलं तर काय होईल. आगगाडीवर नियम नाहीत. वारा आहे, वेग आहे आणि नशीब आहे. तरीही प्रसंग पूर्ण पडत नाही, याचं श्रेय मी त्या वाऱ्याला देते. यंत्राने सोडलेला तो झोत खरा आहे, आणि क्रूझच्या गालांची कातडी त्यात जशी थरथरते तशी ती कुठल्याही संगणकावर तेव्हा काढता आली नसती.

संगणकांबद्दल जास्त बोलत नाही. इंटरनेटवरचा शोध, ईमेलचे पत्ते, ते जाडजूड लॅपटॉप हे सगळं आज पाहताना हसू येतं आणि येऊ द्यावं. कथेला त्याने धक्का बसत नाही, कारण चोरायची वस्तू शेवटी हातात मावणारी एक डिस्क आहे. ती कोणाच्या खिशात आहे हे डोळ्यांना दिसतं. यादी नुसती हवेतून पाठवता आली असती तर स्टेशनही नको होतं आणि आगगाडीही. हेरपट लिहिणाऱ्या आजच्या मुलामुलींना मी हेच सांगते, की रहस्य कितीही आधुनिक असो, त्याला पकडता येईल अशी मूठ द्या. क्लेअरची व्यक्तिरेखा मात्र खरोखर अर्धवट राहिली आहे. इमान्युएल बेआर्सारखी अभिनेत्री घेऊन तिला इतकं कमी दिलंय, हे मला दर वेळी टोचतं.

टिकण्याचं आणखी एक कारण आहे, ते तुमच्या वयाच्या माणसाला मुलीपेक्षा जास्त जाणवेल. जिम फेल्प्स गद्दारी का करतो? त्याला जग जिंकायचं नाही. १९८९ला बर्लिनची भिंत पडली, १९९१ला सोव्हिएत संघ मोडला, आणि आयुष्यभर ज्या शत्रूसाठी झोप मोडली तो शत्रूच उरला नाही. एके सकाळी जाग येते तेव्हा आपण मोडीत निघालेलं यंत्र आहोत, संसार बिघडलेला आहे आणि पगार वर्षाला बासष्ट हजार डॉलर, असं तो स्टेशनवर किट्रिजच्या नावाखाली बोलतो. बोलतो दुसऱ्याबद्दल, सांगतो स्वतःबद्दल. जॉन व्हॉइट ते इतक्या थकलेल्या आवाजात बोलतात की खलनायकाऐवजी मला गिरणी बंद झाल्यावर दारात बसून राहिलेले आमच्या चाळीतले काका आठवतात. १९९६मध्ये पाहताना मला हे भाषण लांबट वाटलं होतं. आता त्यातला एक शब्द कापायला कुणी सांगितलं तरी मी कापणार नाही. इथे तुमचं वय चित्रपटात मिसळलंय हे खरं. पण त्याला तरुणपणाची आठवण म्हणता येत नाही, ती नव्याने आलेली समज आहे. हा चित्रपट ज्या जुन्या टीव्ही मालिकेवरून आला तिच्या चाहत्यांना जिम खलनायक झालेला रुचला नव्हता, आणि त्यांचा रागही मी समजू शकते. सात-आठ वर्षं ज्याला नायक मानलं त्याला असं पाहणं सोपं नाही.

जाता जाता संगीताचं. लालो शिफ्रिन यांनी १९६६च्या मालिकेसाठी बांधलेली ती प्रसिद्ध धून पाच मात्रांची आहे. बारीक मोजली तर दहा, आणि विभाग तीन-तीन-दोन-दोन. आपल्या झपतालातही दहाच, पण ते दोन-तीन-दोन-तीन. टाळी वाजवून दोन्ही एकापाठोपाठ म्हणून पाहा, एकात झोका येतो आणि दुसऱ्यात कुणी मागे लागल्यासारखं वाटतं. चित्रपटाच्या वेळी यू-टू या आयरिश रॉक बँडच्या दोन वादकांनी ती नाचता यावी म्हणून मुख्यतः चार मात्रांत बसवली, ती खूप गाजली. माझ्या कानाला मात्र त्यातली धाव गेल्यासारखी वाटते. पाचव्या मात्रेला पाय अडखळतो, म्हणूनच ती धून पळते.

त्या पांढऱ्या खोलीची पकड किती आहे ते एका गोष्टीवरून कळतं. त्या खोलीतला तो बिचारा कर्मचारी, विल्यम डन्लो, कॉफीतून काहीतरी पोटात गेल्याने सारखा उलट्या करायला पळणारा, त्याला किट्रिज चोरीनंतर अलास्काच्या रडारवर पाठवायला सांगतो. २०२५च्या आठव्या चित्रपटात, म्हणजे एकोणतीस वर्षांनी, त्याच नटाला घेऊन त्यांनी डन्लोला परत आणलं. विमानं, पाणबुड्या, उंच इमारती सगळं करून झाल्यावर मालिकेला मागे वळून पाहायला हीच खोली लागली.

आता मुलीबरोबर पुढे काय करायचं ते सांगते, कारण ‘पुन्हा दाखवू का’ असंही तुम्ही विचारलंय. सबंध चित्रपट लगेच नको. एका संध्याकाळी फक्त स्टेशनवरचा प्रसंग लावा, आवाज पूर्ण बंद करून, आणि तिला गोष्ट सांगायला लावा. ती बिनचूक सांगेल की म्हाताऱ्याने सगळ्यांना मारलं. मग तोच प्रसंग नुसता ऐकवा, टीव्हीकडे पाठ करून. आता गोष्ट वेगळी निघेल, गुन्हेगार किट्रिज. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. माझ्या वर्गात या तिसऱ्या वेळी कुणी ना कुणी हमखास ‘थांबवा, मागे घ्या’ म्हणून ओरडतं. मागे घ्या. जिम पहिल्यांदा किट्रिजचं नाव घेतो तिथे थांबवा आणि तिला इथनचे डोळे बघायला सांगा.